सुनपाती: वृक्षरेषेवरचं ठेंगणं ऱ्होडोडेंड्रॉन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे-जूनच्या सुट्टीत इंदूरची बरीच मंडळी चोपता-तुंगनाथ, हेमकुंड किंवा मनालीकडे जातात आणि परतल्यावर एका झुडपाबद्दल हमखास विचारतात: गुडघ्याएवढं, दाट, चोळलं की राळेसारखा वास येणारं. दुसरीकडे, इंदूरच्या सियागंज बाजारातून तालीसपत्र हे आयुर्वेदिक औषधी पान आणणारे विचारतात की पुडीतलं पान सुईसारखं हवं की अंडाकृती. हे दोन्ही प्रश्न एकाच झुडपापाशी, सुनपातीपाशी, येऊन मिळतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ही नेमकी कोणती वनस्पती?

शास्त्रीय नाव ऱ्होडोडेंड्रॉन अँथोपोगॉन, कुल एरिकेसी. १८२१ साली डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. ग्रीकमध्ये ‘अँथोस’ म्हणजे फूल आणि ‘पोगॉन’ म्हणजे दाढी. फुलाच्या नळीत दाट केस असतात, त्यावरून हे नाव पडलं. उत्तराखंडात लाल फुलांचा जो बुरांस दिसतो तो ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियम. तोही याच प्रजातीतला (genus), पण तो चांगला मोठा वृक्ष होतो. आपली ही जात जमिनीलगतची, सदाहरित आणि खवलेवाली आहे. ‘खवलेवाली’ हा शब्द लक्षात असू द्या, पुढची ओळख सगळी त्यावरच आहे.

नेपाळात हिला सुनपाती म्हणतात, तिबेटी बोली बोलणाऱ्या भागांत बालू, आणि गढवालात काही ठिकाणी चक्क तालिसपत्र. मराठीत हिला स्वतःचं नाव नाही, कारण मराठी मुलुखात ती उगवतच नाही. इथे आम्ही सुनपाती हेच नाव वापरतो.

ती कुठे सापडते?

काश्मीरपासून हिमाचल, उत्तराखंड, नेपाळ, सिक्कीम, भूतान, अरुणाचल आणि दक्षिण तिबेटपर्यंत, साधारण ३,००० ते ४,५०० मीटर उंचीवर, काही ठिकाणी त्याहूनही वर.

तुंगनाथच्या वाटेवर हे पट्टे एकामागोमाग एक पायाखालून जातात. सुमारे २,७०० मीटरवरच्या चोपत्याला बुरांसाची झाडं असतात. वर चढत गेलं की झाडं खुजी होत जातात आणि वृक्षरेषेपाशी (जिच्यावर झाडं वाढत नाहीत) मोठ्या पानांचं, वाकड्या खोडांचं ऱ्होडोडेंड्रॉन कॅम्पॅन्युलाटम लागतं, गढवालात त्याला सेमरू म्हणतात. तेही मागे पडून बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, सुरू झालं की खडकांच्या आडोशाला, उतारांवर सुनपातीचे ठिगळासारखे पट्टे दिसू लागतात. मंदिर सुमारे ३,६८० मीटरवर आहे. तिथून चंद्रशिलेकडे जाताना वाटेच्या दोन्ही अंगांनी नजर ठेवा. मध्यप्रदेशात मात्र एकही रानटी ऱ्होडोडेंड्रॉन नाही, पचमढीतसुद्धा नाही.

एवढी ठेंगणी का? पाणी कमी पडतं म्हणून का?

बहुतेक जण असंच धरून चालतात, पण पाणी हे कारणांपैकी एकच. झुडूप बहुधा ३० ते ९० सेंटीमीटर उंच असतं. त्या उंचीवर जमिनीपासून हातभर वर वारा इतका असतो की कोवळा शेंडा सुकतो, थंडीतल्या बर्फाच्या कणांनी खरवडलाही जातो. जमिनीलगत मात्र वारा मंदावतो आणि दिवसा उन्हाने तापलेली हवा फांद्यांच्या दाटीत अडकून राहते. हिवाळ्यात झुडूप बर्फाखाली पूर्ण गाडलं जातं, आणि खरं तर तेच त्याचं पांघरूण असतं. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली गेला तरी जाड बर्फाखाली तो शून्याच्या आसपास टिकतो. जी फांदी बर्फाबाहेर राहते ती मरते. म्हणजे झुडपाची उंची बऱ्याच अंशी बर्फाच्या थराने ठरते.

शिवाय वाढीला वर्षातले चार-साडेचार महिनेच मिळतात. नवी डहाळी वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर वाढते. अंगठ्याएवढ्या जाडीचं खोड दिसलं तर ते कोवळं समजू नका, त्याच्यामागे कैक वर्षं असतात. जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळं फुटतात आणि एकाच झुडपाचा पट्टा पसरत जातो. शेजारी शेजारी उभी असलेली दहा झुडपं मुळात एकच असू शकतात.

पान कसं ओळखायचं?

पान उलटं करा. वरच्या बाजूवरून कुणी ठामपणे जात सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका.

वरून पान गडद हिरवं, किंचित चकचकीत, अंडाकृती किंवा लांबट गोल असतं. लांबी साधारण २ ते ४ सेंटीमीटर, रुंदी १ ते २ सेंटीमीटर, कडा थोड्या खाली वळलेल्या, देठ आखूड. अशी पानं पंचवीस झुडपांना असतात. पाठीचा रंग मात्र निराळा: कोवळ्या पानाची पाठ फिकट, सोनेरीकडे झुकणारी, आणि पान जून झालं की गंजलेल्या लोखंडासारखी तपकिरी. बोट फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा जाणवतो.

आता दहापट दाखवणारं भिंग घ्या. स्टेशनरीच्या दुकानातलं मोठं गोल भिंग दोन-तीन पटच दाखवतं. त्याने काम होणार नाही, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं हवं. भिंग डोळ्याला टेकवा आणि पान भिंगाकडे आणा, उलट करू नका. पाठीवर केस दिसणार नाहीत, खवले दिसतील: प्रत्येक खवला एका बारीक दांड्यावर उभी केलेली छत्रीच. ते इतके दाट असतात की एकावर एक चढून दोन-तीन थर होतात आणि खालचं हिरवं पान दिसतच नाही. खवल्याची कड सरळ गोल नसते, ती फाटलेल्या कागदासारखी झालरदार असते. ही झालर या जातीच्या गटाची, म्हणजे पोगोनँथम विभागाची, खूण आहे. भिंगाखाली झालर दिसली की निम्मी ओळख पटली.

वास या खवल्यांतून येतो. त्यांत उडणारं तेल असतं: अल्फा-पायनीन, बीटा-पायनीन, लिमोनीन असे घटक, जे चीड-देवदाराच्या किंवा लिंबाच्या सालीच्या वासातही असतात. पान चोळलं की खवले फुटतात आणि वास दरवळतो. खवल्यांचं दुसरं काम पानातून जाणारं पाणी रोखण्याचं. जमीन गोठलेली आणि ऊन कडक, अशा दिवसांत मुळं पाणी देऊ शकत नाहीत, तेव्हा पान खवल्यांच्या या गालिच्यावर तग धरतं.

एका झुडपाची फुलं पिवळट, दुसऱ्याची गुलाबी. जात एकच का?

असू शकते. पांढरा, साईसारखा, पिवळट आणि गुलाबी, हे सगळे रंग या जातीत येतात. रंगावरून निवाडा करू नये.

तरी एक भेद उपयोगी आहे. जातीच्या दोन उपजाती मानतात. अँथोपोगॉन उपजातीत पानाच्या कळीवरचे संरक्षक खवले पान उमललं की गळून पडतात. हायपेनँथम उपजातीत ते डहाळीवर वर्षानुवर्षं चिकटून राहतात, वाळलेल्या तपकिरी कागदी कपच्यांसारखे. हे खवले पानाच्या पाठीवरच्या छत्र्यांपासून वेगळे, साध्या डोळ्यांना दिसणारे. पश्चिम हिमालयात, म्हणजे आपण सहसा जातो त्या भागात, मुख्यतः ही दुसरी उपजात भेटते आणि तिची फुलं पिवळट ते साईच्या रंगाची असतात. गुलाबी झाक पूर्वेकडे जास्त. म्हणून फुलाचा फोटो काढलात तर डहाळीचाही काढा: मागच्या वर्षीच्या वाढीच्या बुडाशी कपच्या आहेत की नाहीत, ते दिसायला हवं.

फुलात काय पाहायचं?

फुलं फांदीच्या टोकाला, चार ते सहाच्या घट्ट गुच्छात येतात. लांबून एकच मोठं फूल वाटतं. एकेक फूल दीड-दोन सेंटीमीटरचं, खाली अरुंद नळी आणि वर पसरलेल्या पाच पाकळ्या. बुरांसाच्या घंटेशी याचं काहीच साम्य नाही. आकारावरून ते ऱ्होडोडेंड्रॉन वाटतच नाही, जाईजुईच्या कुळातलं वाटतं, आणि गल्लत होते ती इथेच.

पूर्ण उमललेल्या फुलाकडे समोरून पाहिलं तर पुंकेसर बाहेर आलेले दिसत नाहीत. ते नळीच्या आत दडलेले असतात. वाटेवर गळून पडलेलं ताजं फूल मिळालं तर नळी नखाने एका बाजूने उभी चिरा आणि पुस्तकासारखी उघडा. आतून पांढऱ्या मऊ केसांचं दाट अस्तर दिसेल, नावातली दाढी हीच. पुंकेसर मोजा: ५ ते ८. बहुतेक ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये ते १० असतात, त्यामुळे ही मोजणी वाया जात नाही. मधला कुक्षीवृंत (बीजकोशावरचा दांडा) अगदी आखूड, जाडसर, पुंकेसरांहून बुटका असतो.

परागकोश उभा चिरत नाही, त्याच्या टोकाला दोन भोकं असतात. परागकण चार-चारच्या गठ्ठ्यांत असतात आणि चिकट धाग्यांनी एकमेकांना बांधलेले. टाचणीचं टोक भोकाशी लावून हळूच ओढलं तर परागांची माळ बाहेर येते. कीटकाच्या अंगाला एक गठ्ठा चिकटला की पूर्ण माळ ओढली जाते. जिथे उघडीप मोजकी आणि कीटक त्याहून मोजके, तिथे एकाच भेटीत काम भागतं.

कुठल्या झुडपांशी घोळ होतो?

सगळ्यात जास्त ऱ्होडोडेंड्रॉन लेपिडोटमशी. तेही ठेंगणं, तेही खवलेवालं, आणि त्याच उतारावर वाढतं, फक्त खाली २,१०० मीटरपर्यंतही उतरतं. फरक असे: लेपिडोटमचे खवले गोल, अखंड कडेचे, त्यांना झालर नाही. पाठ फिकट हिरवट दिसते, गंजाच्या रंगाची नाही. फूल उघड्या बशीसारखं, त्याला लांब देठ आणि गुच्छात एक ते तीनच फुलं. पुंकेसर बहुधा ८, पण ते बाहेर स्पष्ट दिसतात. कुक्षीवृंत आखूड आणि एका बाजूला झटकन वाकलेला. वासही तितका उग्र नाही. भिंग नसेल आणि फुलं असतील तर ‘नळी की बशी’ एवढ्यावर काम होतं. फुलं नसतील तर भिंगाशिवाय ठाम बोलू नये.

सेमरूची पानं चांगली ८ ते १४ सेंटीमीटर असतात आणि पाठीवर खवले नसून तपकिरी लोकरीसारखं अस्तर असतं. ते नखाने खरवडता येतं. एकदा हातात घेतलं की पुन्हा चूक होत नाही.

सिक्कीमकडे जाणाऱ्यांनी ऱ्होडोडेंड्रॉन सेटोसम पाहून ठेवावं: डहाळ्यांवर उभे राठ केस, पानं लहान, फुलं जांभळट गुलाबी. आणखी वर, जिथे सुनपातीही थांबते, तिथे ऱ्होडोडेंड्रॉन निव्हाले नावाची जात असते. तिची पानं जेमतेम सेंटीमीटरभर, आणि जगातल्या सर्वांत उंचावर वाढणाऱ्या झुडपांत तिची गणना होते.

जुनिपर आणि पिवळ्या पाच पाकळ्यांची झुडुपी पोटेंटिला सुनपातीच्या झुडपांत मिसळून वाढतात, पण पानाकडे पाहिलं तरी ती वेगळी कळतात.

फुलं पाहायला केव्हा जावं?

मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत, जास्त उंचीवर जुलैतही. बर्फ उशिरा वितळला तर सगळं पंधरा-वीस दिवस पुढे जातं. फुलानंतर नवी पानं येतात, आणि ऑगस्टपर्यंत पुढच्या वर्षीच्या कळ्या शेंड्याला तयारही झालेल्या असतात. या कळ्यांना हिवाळाभर थंडी लागते, तेव्हा कुठे त्या उमलतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बारीक बोंडं वाळून वरून पाच फाकांत फुटतात आणि धुळीसारखं बी वाऱ्यावर जातं. नोव्हेंबर ते एप्रिल झुडूप बर्फाखाली.

पावसाळ्यात गेलात तर फुलं चुकतील, पण पान ओळखण्याचा सराव तेव्हाच उत्तम होतो.

या झुडपाच्या वासाने डोकं दुखतं का?

ही समजूत जुनी आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८-४९ मध्ये सिक्कीमच्या खिंडींत फिरत होते. उंचावरची डोकेदुखी अँथोपोगॉन आणि सेटोसमच्या वासामुळे होते असं तिथले लोक मानत, हे त्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

बंद तंबूत ताजी पानं जाळली तर उग्र तेलाने डोकं जड होईल, हे मान्य. पण ३,५०० मीटरवर उघड्या उतारावर डोकं ठणकत असेल, मळमळ असेल, चालताना झोक जात असेल, तर कारण विरळ हवा आहे. वासावर ढकलून वर चढत राहू नका. थांबा, त्रास वाढला तर त्याच दिवशी खाली उतरा. झुडूप आणि डोकेदुखी एकाच उंचीवर भेटतात, एवढाच त्यांचा संबंध.

फोटोवरून तुम्ही ओळख सांगू शकाल का?

योग्य फोटो असले तर. नुसता फुलांचा गुच्छ आणि मागे हिमशिखर, अशा फोटोवरून नाही.

सहा फोटो लागतात. पूर्ण झुडूप, शेजारी काठी किंवा बूट ठेवून. पानाची वरची बाजू. पानाची पाठ, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून (नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे माप आपोआप मिळतं). फूल समोरून. फूल बाजूने, नळीची लांबी दिसेल असं. आणि डहाळीचा मागच्या वर्षीचा भाग. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर तेच दहापट भिंग धरलं तर खवल्यांचाही फोटो निघतो: भिंग कॅमेऱ्याला चिकटवा, पान दोन-अडीच सेंटीमीटरवर आणा आणि फोन पुढेमागे करून स्पष्टता साधा. वाऱ्यात हलणारी फांदी दुसऱ्या हाताने धरा. उंची आणि तारीख लिहून ठेवा. पानाची पाठ विसरलात तर बाकीच्या पाच फोटोंचा फारसा उपयोग होत नाही.

आठवण म्हणून एक फांदी किंवा रोप आणलं तर?

आणू नका. तुंगनाथचा परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो आणि हेमकुंडजवळची फुलांची घाटी १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अशा ठिकाणी पान-फांदी तोडणं, रोप उपटणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब असा आहे की मुठीत मावणाऱ्या जुडीएवढी वाढ परत यायला झुडपाला कित्येक उन्हाळे लागतात. धूप आणि सरपणासाठी आधीच त्याची तोड होते.

पण विकत मिळालेलं रोप इंदुरात लागेल का?

नाही. कुंडीत नाही, ग्रीन नेटखाली नाही, एसीच्या खोलीतही नाही. कारणं नीट पाहू, कारण यातूनच वनस्पती कशी जगते ते कळतं.

पहिलं तापमान. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तुंगनाथ ३,६८० मीटरवर. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे दोन्हींत वीस अंशांचा फरक. मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कुंडीतली माती त्याहून तापते. या झुडपाची मुळं केसाएवढी बारीक आणि मातीच्या वरच्या थरातच असतात, ती आधी जातात. दिवसाइतक्याच रात्री मारक ठरतात. उबदार रात्री झाड दिवसभर कमावलेलं श्वसनात उडवून टाकतं आणि हळूहळू उपाशी मरतं.

दुसरं माती. माळव्याची काळी माती बेसॉल्टपासून झालेली, चुनखडीयुक्त, सामू (pH) बहुधा ७.५ ते ८.५. सुनपातीला आम्ल, पानांच्या कुजीने भरलेली, साधारण ४.५ ते ५.५ सामूची माती लागते. तिच्या बारीक मुळांना मूलरोम नसतात. त्यांच्या पेशींत एक बुरशी घर करून राहते आणि कुजीतलं नत्र-स्फुरद तीच मिळवून देते. चुनखडीच्या मातीत ही जोडी चालत नाही. लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, नवं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अशी अवस्था होते. लोक याला पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाणी घालतात.

तिसरं, पावसाळा. काळी माती भिजली की फुगते, हवा कोंडते. गरम आणि चिंब मातीत फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू मुळं कुजवतो. वरून पानं एकाएकी मलूल, करडी हिरवी होतात, पण गळत नाहीत. ते दिसेपर्यंत मुळं गेलेली असतात.

आणि या सगळ्यांतून रोप वाचलंच तरी कळ्यांना लागणारी हिवाळ्याची लांब थंडी इथे नाही. फूल येणार नाही.

नर्सरीत अझेलिया मिळते, ती चालेल का?

अझेलिया हेही ऱ्होडोडेंड्रॉनच, पण उबदार प्रदेशातल्या जातींपासून तयार केलेलं. हिवाळ्यात फुलांसकट मिळते आणि इंदुरात बहुधा मेमध्ये मरते. टिकवायची असेल तर काळी माती अजिबात नको. दोन भाग जुनं पालापाचोळ्याचं खत, दोन भाग तीनदा धुतलेलं कोकोपीट, एक भाग चिडाच्या सालीचे तुकडे, उथळ रुंद कुंडीत. राख, चुना, हाडांचा चुरा घालू नये. पाणी पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं शुद्ध. आरओच्या नळीतून बाहेर फेकलं जाणारं पाणी बागेला घालायची सवय घरोघरी आहे, त्यात क्षार एकवटलेले असतात आणि अझेलियाला ते महिन्याभरात मारतं. बोअरचं जड पाणीही तसंच. पान पिवळं पडलं तर लोहाचं चिलेट द्या. सामू साडेसहाच्या वर असेल तर ईडीटीए प्रकार फारसा लागू पडत नाही, ईडीडीएचए घ्या. मार्चपासून पूर्वेकडची सकाळची दोन तास उन्हं पुरेत.

सियागंजात मिळणारं तालीसपत्र म्हणजे हेच झुडूप का?

असायला नको, पण असू शकतं. आयुर्वेदीय औषधिकोशानुसार तालीस म्हणजे एबीज वेबियाना या देवदारसदृश वृक्षाचं पान, आता त्याला एबीज स्पेक्टॅबिलिस म्हणतात. पण वेगवेगळ्या प्रांतांत त्याच नावाखाली वेगळी पानं चालत आली: उत्तरेत सुनपातीसारख्या ऱ्होडोडेंड्रॉनची, बंगालकडे टॅक्सस म्हणजे थुनेरची. मुद्दाम केलेली भेसळ म्हणण्यापेक्षा एका नावाखाली साचलेल्या अनेक वनस्पती, असं हे प्रकरण आहे. घेणाऱ्याला मात्र फरक पडतो, कारण टॅक्ससची पानं विषारी असतात.

तपासणी घरी होते. चूर्ण घेऊ नका, अख्खी पानं घ्या. दळलेल्यात भिंगालाही काही कळत नाही. वीस-पंचवीस पानं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, धूळ निघेल आणि पानं उघडतील. पांढऱ्या ताटलीत पसरा.

एबीजचं पान चपट्या सुईसारखं, दोन-अडीच मिलिमीटर रुंद, टोकाला बारीक खाच, आणि पाठीवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरी रेघ. टॅक्ससचंही चपटं अरुंद, पण टोक निमुळतं टोकदार, खाच नाही, पाठीच्या रेघा पांढऱ्या नसून फिकट पिवळट हिरव्या. सुनपातीचं पान अंडाकृती, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर रुंद, पाठ तपकिरी खरखरीत आणि भिंगाखाली झालरदार खवले. तीन शिरांचं मोठं पान निघालं तर ते तमालपत्र, नावातल्या ‘पत्र’ने झालेली चूक.

ताटलीत दोन प्रकारची पानं दिसली तर माल परत करा. टोकदार पान एकही दिसलं तर वापरूच नका. वासावर विसंबू नका, एबीजलाही राळेचा वास असतो आणि जुन्या सुनपातीचा उडून गेलेला असतो.

तालीसादि चूर्णात याने किती फरक पडतो?

मूळ पाठात तालीस १ भाग, मिरे २, सुंठ ३, पिंपळी ४, वंशलोचन ५, वेलची आणि दालचिनी प्रत्येकी अर्धा, खडीसाखर ३२ भाग. एकूण ४८ भागांत तालीस एक भाग, म्हणजे ४८० ग्रॅम चूर्णात १० ग्रॅम. प्रमाण लहान आहे, पण औषध रोज आणि लहान मुलांनाही दिलं जातं. घरी करायचं असेल तर पान ओळखून घ्या, किंवा वैद्यांना दाखवा.

सुनपातीचा चहा पितात म्हणे. आपण प्यावा का?

हिमालयात तो थोड्या प्रमाणात, जाणत्यांच्या सांगण्यावरून पितात. तिबेटी वैद्यकातही या झुडपाचा वापर आहे. पण ऱ्होडोडेंड्रॉनच्या अनेक जातींत ग्रेयानोटॉक्सिन हे विष असतं. त्याने उलट्या, घेरी, रक्तदाब आणि नाडी मंदावणं असा त्रास होतो. वाटेवर स्वतः ओळखलेलं पान उकळून पिऊ नये. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी कुणी दिलेलाही घेऊ नये. पिऊन घेरी आली तर आडवं व्हा, पाय उंच ठेवा आणि दवाखाना गाठा. उरलेली पानं सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरून दिशा मिळते.

धुपात वापरलं तर चालतं का?

चालतं. जुनिपरबरोबर कुटून हे पान धुपात घालण्याची रीत हिमालयात सर्वत्र आहे. घरात जाळायचं तर खिडकी उघडी ठेवा आणि दमा असलेल्यांना दूर ठेवा. पान वर्षापेक्षा जुनं असेल तर तेल उडालेलं असतं, मग नुसता धूर होतो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधारात ठेवलं तर वास जास्त टिकतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, उडणारं तेल तिच्यातून निसटतं.